अर्ज आणि आत्मकथन

१

दलित आत्मकथने आज महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आहेत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) अशी रांगच लागली. या पुस्तकांना अभ्यासक्रमात जागा मिळवून देण्याची लढाई आपल्या आधीच्या पिढीने लढली आणि बऱ्याच अंशी जिंकली. परंतु वर्गात आल्यावर या पुस्तकांचे काय होते, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

प्रश्नपत्रिका काढून पाहाव्यात. मर्ढेकरांच्या कवितेवरचा प्रश्न प्रतिमांविषयी, लयीविषयी, शब्दकळेविषयी असतो. आत्मकथनावरचा प्रश्न मात्र 'दलित समाजाच्या समस्या स्पष्ट करा' किंवा 'लेखकाच्या बालपणाची माहिती लिहा' या धाटणीचा असतो. म्हणजे एक पुस्तक वाचायचे आणि दुसऱ्या पुस्तकातून माहिती गोळा करायची. एक साहित्य, दुसरे कागदपत्र.

यामागे प्रस्थापित समीक्षेचा जुना निवाडा आहे. दलित आत्मकथने समाजशास्त्रीय दस्तऐवज म्हणून मोलाची आहेत, कलाकृती म्हणून ती कच्ची आहेत, असे हा निवाडा सांगतो. तो कधी उघडपणे सांगितला गेला, कधी कौतुकाच्या कागदात गुंडाळून दिला गेला. यावर आपल्यातील अनेकांनी जे उत्तर दिले तेही मला पुरेसे वाटत नाही. 'आमचे लेखन खरे आहे, म्हणून ते श्रेष्ठ आहे. कलेची उठाठेव मध्यमवर्गीयांनी करावी', असे ते उत्तर आहे. या उत्तरात स्वाभिमान आहे, हे मान्य. पण विरोधकाने ज्या फडताळात आपले पुस्तक ठेवले, त्याच फडताळाला आपण त्यात आपल्या हाताने कुलूप लावतो.

म्हणून मूळ प्रश्नच पुन्हा विचारला पाहिजे. रोजच्या व्यवहारातले लेखन आणि साहित्य यांत फरक आहे काय? असेल तर तो कशात आहे? आणि तो ओळखता आल्याने आपल्या विद्यार्थ्यांचे आणि चळवळीचे काय भले होणार आहे?

२

या चर्चेत व्यवहारी लेखनाला हिणवून चालणार नाही. निदान आपण तरी तसे करू नये. कारण आपल्या समाजाच्या आधुनिक गद्याचा एक मोठा ओघ अर्जातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी विनंतीपत्र तयार केले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे निवेदन केले. ज्या समाजाला बोलायला बंदी होती, त्याने सत्तेशी बोलण्यासाठी जी पहिली साधने हाती घेतली त्यांत हा कागद होता.

ही परंपरा अजून चालू आहे. वस्तीत पहिल्यांदा शिकलेला माणूस म्हणजे वस्तीचा अर्जनवीस. मी माझ्या घरातली पहिली पदवीधर. पाठ्यपुस्तकाबाहेरची कविता माझ्या वाचनात येण्यापूर्वी मी रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे, विधवा निवृत्तिवेतनाचे कितीतरी अर्ज लोकांना लिहून दिले होते. 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की' हे शब्द माझ्या हाताला आपोआप येत. आज माझ्या वर्गात बसणाऱ्या तुर्भे, दिघा, घणसोली भागांतल्या मुलामुलींचीही हीच स्थिती आहे.

त्यात आम्ही राहतो ते शहरही कागदावर आधी आणि जमिनीवर नंतर उभे राहिलेले. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण द्यावे लागले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. भूसंपादनाच्या कागदात गट क्रमांक असतो, क्षेत्र असते, खातेदाराचे नाव असते. ज्या बांधावर बसून घरच्यांनी तीन पिढ्या भाकर खाल्ली, तो बांध त्या कागदात नसतो. असावा अशी अपेक्षाही नसते.

अर्जाचे स्वरूप नीट पाहिले की चार गोष्टी लक्षात येतात. एक, अर्जाला नेमका वाचक असतो आणि तो लिहिणाऱ्यापेक्षा वरच्या खुर्चीत बसलेला असतो. दोन, अर्जाला कप्पे असतात. विषय, संदर्भ, मजकूर, विनंती, सही. या कप्प्यांत न बसणारे काहीही तेथे फालतू ठरते. तीन, अर्जाचे शब्द बदलले तरी चालतात. माझ्याऐवजी दुसऱ्या कोणी तोच अर्ज लिहिला तरी काही बिघडत नाही. उलट ठरलेल्या शब्दांत लिहिला तर तो लवकर पुढे सरकतो. चार, काम झाले की अर्ज संपतो. आवक क्रमांक पडतो, शेरा पडतो, तो निकाली निघतो आणि बाडात जातो. निकाली निघालेला अर्ज कोणी आवडीने पुन्हा वाचत नाही.

हे अर्जाचे दोष नाहीत. हे त्याचे गुण आहेत. पाण्याचा अर्ज पाणी येण्यासाठी असतो.

३

साहित्य वेगळे कशाने होते, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरे घरट्याकडे निघाली, अशा विधानाला काव्य म्हणायचे काय, असे विचारून भामहाने त्याला नुसती 'वार्ता' ठरवले. पुढे ध्वनिवाद्यांनी उलट बाजूने विचार केला. 'सूर्य मावळला' हे एकच विधान ऐकणाऱ्यागणिक किती वेगवेगळे अर्थ सुचवू शकते, याची मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त यादी आहे. शत्रूवर चाल करण्याची वेळ झाली, अभिसाराला निघावे, काम थांबवावे, संध्याविधी सुरू करावा, गाई गोठ्यात घ्याव्यात, विकायला मांडलेला माल आवरावा, असे कितीतरी अर्थ तेथे दिले आहेत.

विचार मार्मिक आहे आणि तो टाकून देण्याचे कारण नाही. पण यादी पुन्हा वाचावी. सेनेतला माणूस आहे, प्रेयसी आहे, गुराखी आहे, दुकानदार आहे, संध्या करणारा आहे. गावकुसाबाहेर बसलेला मात्र कोणी नाही. सूर्य मावळला म्हणजे टोपली घेऊन गावात भाकरी मागायला निघण्याची वेळ झाली, हा अर्थ महारवाड्यात पिढ्यान्पिढ्या कळत होता. शास्त्रकाराच्या कानावर तो आला नाही. अर्थ ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो असे म्हणणाऱ्या शास्त्राने ऐकणारे कोण, हे आधीच ठरवून टाकले होते. दलित साहित्याने नवी भाषा आणली असे आपण म्हणतो, त्याचा एक अर्थ असा की त्याने या यादीत नवे ऐकणारे आणून बसवले.

दुसरे उत्तर रशियातले. १९१७ साली श्क्लोव्हस्की या समीक्षकाने असे मांडले की सवयीने आपल्याला वस्तू दिसेनाशा होतात आणि परिचिताला अपरिचित करून ती पुन्हा दिसायला लावणे हे कलेचे काम आहे. त्याने टॉलस्टॉयच्या एका कथेचे उदाहरण घेतले. तिथे मालमत्ता ही गोष्ट एका घोड्याच्या नजरेतून सांगितलेली आहे. हा सिद्धांत आमच्या वर्गात शिकवताना एक अडचण येते. परिचित कोणाला? मेलेले ढोर ओढून नेणे, उष्टे मागून आणणे, पाण्यासाठी हाताची ओंजळ लांब धरणे, हे पांढरपेशा वाचकाला परिचित नव्हतेच. 'बलुतं' वाचून तो हादरला तो न पाहिलेले पाहिल्यामुळे. त्यामुळे त्याला वाटले की या पुस्तकाची सारी शक्ती माहितीत आहे. आम्हाला मात्र ते इतके परिचित होते की त्याकडे बघणेच बंद झाले होते. माझ्या आईला त्यात सांगण्यासारखे काहीच वाटत नसे. तिच्यासारख्या माणसाला स्वतःचे जगणे पुन्हा दिसू लागावे, हे काम माहिती करू शकत नाही. माहिती तिच्याजवळ लेखकाइतकीच होती. ते काम लेखनाच्या घडणीने झाले. म्हणून आत्मकथनाला दस्तऐवज म्हणणारा वाचक स्वतःच्या अज्ञानाला पुस्तकाचा गुणधर्म समजतो, असे मी म्हणते.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये लयतत्त्व मांडले. पुढे लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांची दीर्घ चर्चा मराठीत झाली. त्या चर्चेतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण जिथे साहित्याचे वेगळेपण जगण्यापासून तुटण्यात शोधले जाते, तिथे ती आपल्या उपयोगाची राहत नाही. आपल्याला असे उत्तर हवे की ज्यात लेखन जगण्याला धरून राहील आणि तरीही अर्जापेक्षा वेगळे ओळखता येईल.

४

या प्रश्नावर मला सर्वांत जास्त उजेड मिळतो तो बाबासाहेबांच्या लेखनात. एकाच हाताने, एकाच दुःखाविषयी, दोन्ही प्रकारचे लेखन केल्याचे असे उदाहरण क्वचित सापडेल.

१९१९ च्या साउथबरो समितीपुढील निवेदनात मताधिकार आहे, लोकसंख्या आहे, प्रतिनिधींचे प्रमाण आहे, युक्तिवाद आहे. तिथे नऊ वर्षांचा भीमा नाही, आणि नसणेच योग्य. समितीला आकडे हवे होते. ते तिला मिळाले.

दुसरे लेखन म्हणजे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. बाबासाहेबांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते छापले. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे कळणे कठीण, म्हणून ते लिहिले. आरंभीच बाबासाहेब आपल्यासमोरच्या दोन वाटा सांगतात. एक, अस्पृश्यांना मिळणाऱ्या वागणुकीचे सर्वसाधारण वर्णन करावे. दुसरी, प्रत्यक्ष घडलेले प्रसंग द्यावेत. दुसरी वाट अधिक परिणामकारक म्हणून त्यांनी ती निवडली. माझ्या मते आपल्या सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत या निवडीचा जितका विचार व्हायला हवा होता तितका झालेला नाही. निवेदनाचे सामर्थ्य पुरते जाणणाऱ्या माणसाने येथे जाणूनबुजून वेगळा हत्यार उचललेला आहे.

पहिला प्रसंग १९०१ चा. वडील कोरेगावला रोखपालाच्या कामावर. मुले साताऱ्याहून त्यांच्याकडे निघतात आणि मसूर स्टेशनवर उतरतात. घ्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. मुलांचे कपडे पाहून ती ब्राह्मणाची असावीत असे त्याला वाटते. जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट भाडे घेऊन तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. बरोबर खाण्याचे डबे भरलेले आहेत, पण पाणी कोणी देत नाही, म्हणून जेवण तसेच ठेवून मुले उपाशी झोपतात.

निवेदनात याचे एक वाक्य झाले असते: अस्पृश्यांना वाहन व पाणी नाकारले जाते. मग बाकीचा मजकूर कशासाठी? कपड्यांचे वर्णन घ्या. विलायती धाटणीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे यांना निवेदनात कप्पा नाही. पण येथे ते वर्णन काढले तर स्टेशनमास्तरची आपुलकी कशामुळे आणि चेहरा बदलणे कशामुळे, हे दोन्ही कळत नाही. नटूनथटून निघालेल्या मुलांचा आनंद आधी वाचकाच्या अंगात भिनतो, म्हणून पुढची तहान त्याला लागते. भरलेला डबा आणि रिकामे भांडे शेजारी ठेवले की वेगळे भाष्य करावे लागत नाही. बाबासाहेब तिथे विशेषणे लावत नाहीत, टाहो फोडत नाहीत. अलंकार म्हणजे साहित्य असे मानणाऱ्याला या मजकुरात काही सापडणार नाही.

या प्रसंगात आणखी एक कागद आहे. मुलांनी आपण येत असल्याचे पत्र वडिलांना आधीच धाडले होते. ते पत्र वडिलांच्या नोकराच्या हाती पडले आणि त्याने ते दिलेच नाही. त्या पत्राचे काम एवढेच होते की कोणीतरी स्टेशनवर यावे. ते काम झाले नाही आणि पत्र वाया गेले. पण त्या वाया गेलेल्या पत्रामुळे जे घडले, त्याचा वृत्तांत आज शंभरांहून अधिक वर्षांनी आपण वाचतो. तो वृत्तांत कोणालाही स्टेशनवर बोलावीत नाही आणि वाचून झाला तरी निकाली निघत नाही. व्यवहारी लेखन आणि साहित्य यांतला फरक मला येथे सर्वांत स्वच्छ दिसतो.

पुढे त्याच लेखनात बाबासाहेबांनी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्रही घेतले आहे. ते १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. बाळंतपणानंतर आजारी पडलेल्या पत्नीला डॉक्टरने हात लावण्यास नकार दिला, अशी त्याची हकिगत. वर्तमानपत्रात ती तक्रार होती. येथे मसूरच्या तहानेनंतर ती येते आणि वाचक तिला एका माणसाची तक्रार म्हणून वाचू शकत नाही. शब्द तेच, जागा बदलली, म्हणून वजन बदलले. म्हणजे फरक नुसत्या शब्दांत नसतो, रचनेतही असतो.

५

हे सारे मोठ्या माणसांच्या लेखनापुरते नाही. मी वर्गात एक साधा अभ्यास देते. एकच गोष्ट दोनदा लिहायची: आधी अर्ज म्हणून, मग अर्ज बाजूला ठेवून. एका विद्यार्थिनीने वस्तीतल्या नळाविषयी लिहिले. अर्ज असा होता: 'वस्तीतील सार्वजनिक नळास गेल्या आठ दिवसांपासून पाणीपुरवठा होत नसल्याने रहिवाशांची गैरसोय होत आहे. तरी याबाबत त्वरित कार्यवाही व्हावी, ही विनंती.' अर्ज म्हणून त्यात काहीही कमी नाही.

दुसरा मजकूर असा: 'आमच्या नळाला पाण्याआधी हवा येते. त्या हवेच्या आवाजाने आईला जाग येते. म्हणून ती घड्याळ लावत नाही. आठ दिवस झाले, हवापण येत नाही. तरी आई तीन वाजता उठून बसते.'

वर्गात यावर चर्चा झाली. एका मुलाने विचारले, यात अर्जापेक्षा जास्त माहिती काय आहे? उलट, कमीच आहे. कोणता नळ, कोणती वस्ती, मागणी काय, काहीच नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. मग आम्ही शब्द बदलून पाहिले. अर्जातले 'गैरसोय' काढून 'हाल' घातले. काही बिघडले नाही. दुसऱ्या मजकुरातली 'हवा' काढून 'पाणी येत नाही तरी आई उठून बसते' असे केले, सगळे विझले. कारण त्या हवेत पहाटेचा अंधार होता, नळाजवळ झोपणारे घर होते, आणि आईच्या कानाला लागलेली वर्षानुवर्षांची सवय होती. पाणी बंद झाले तरी सवय बंद होत नाही, हे सांगायला अर्जात कप्पा नाही.

मुलीने हे परिच्छेद अर्जात घातले असते तर? अर्ज मागे पडला असता. साहेबाला आईची जाग नको असते, वॉर्ड क्रमांक हवा असतो. आणि गोष्टीत वॉर्ड क्रमांक घातला असता तर आई हरवली असती. चळवळीतल्या तरुणांना मी आवर्जून सांगते की या दोन लेखनांची सरमिसळ दोघांचेही नुकसान करते. निवेदनात कविता घुसली की सत्तेला पळवाट सापडते. कवितेत निवेदन घुसले की वाचक मान हलवून पुढे जातो.

६

येथे कोणी म्हणेल, खऱ्या घटनेचे खरे कथन एवढे पुरेसे नाही काय? ते पुरेसे नाही, हे आपल्याच चांगल्या पुस्तकांनी दाखवून दिले आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून अपमान हा गुन्हा ठरण्यासाठी तो लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. पुढच्या दुरुस्तीनंतरही ही अट राहिली. इमारतीच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका प्रकरणात म्हटले. कायद्याच्या लेखनाला कप्पे लागतात आणि आपल्या कार्यकर्त्यांनी फिर्याद लिहिताना ते कप्पे काटेकोर भरलेच पाहिजेत. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी स्वयंपाकघरात वेगळा ठेवलेला कप चार भिंतींच्या आतच असतो. फिर्यादीतून जे गळते, त्याला साहित्यात जागा मिळू शकते.

मात्र साहित्य म्हणजे गळलेले सगळे भरून ठेवण्याची कोठीही नव्हे. बेबी कांबळे फलटणला दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून, कित्येक वर्षे लिहीत होत्या. नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात त्यांनी ते मांडले नाही. पुस्तकाचे नावच 'जिणं आमुचं'. त्यांनी 'मी' ऐवजी 'आम्ही' निवडले आणि त्या निवडीसाठी स्वतःचे एक खरे दुःख बाहेर ठेवले. हे योग्य केले की नाही, यावर स्त्रियांनी वाद घालावा, मीही घालते. पण ही निवड आहे, आणि निवड करणारी बाई लेखिका असते. तिला केवळ साक्षीदार म्हणणे हा तिचा अवमान आहे.

'बलुतं'चे उदाहरण याहून स्पष्ट आहे. तिथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर बसतात. शाळेचा दाखला, सेवापुस्तक, जातीचे प्रमाणपत्र या कोणत्याही कागदात एका माणसाला दोन नावांनी हजर राहता येत नाही. नावात अक्षराचा फरक पडला तरी प्रतिज्ञापत्र मागतात. शिकून वर आलेल्या माणसाच्या आत मागे राहिलेला माणूस कसा जगतो, हे सांगण्यासाठी पवारांनी जी रचना केली ती कोणत्याही दस्तऐवजाला पेलणारी नाही. ज्या पुस्तकाला 'दस्तऐवज' म्हटले गेले, त्याच्या पहिल्या पानांवरच दस्तऐवजाचा नियम मोडलेला आहे!

आणि बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती!' ही कथा तर आत्मकथनही नाही. १९६३ च्या त्या संग्रहातल्या कथांना 'हे खरेच घडले का' असे विचारून काय हाती लागणार? फॉर्मवरचा जातीचा रकाना भरावाच लागतो. तो रिकामा ठेवून जगू पाहणाऱ्या माणसाचे काय होते, हे कथेनेच सांगता येते. तिची सत्यता दाखल्यावर अवलंबून नाही.

७

ही सीमा कायमची आखलेली आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा तो शालेय निबंध. मुलगी काय शिकली हे दाखवणे, एवढे त्याचे व्यवहारी काम तेव्हाच संपले. तरी तो संपला नाही. उघड्यावर, पावसाथंडीत बाळंत होणाऱ्या बाईचे दुःख त्या मुलीने मांडले आणि धर्म नेमका कोणाचा, हा प्रश्न तिने कोणत्याही साहेबाला न विचारता थेट देवापुढे ठेवला. निबंधाचा कप्पा तिथे फुटला. वाचणारा समाज तयार झाल्यावर, पुष्कळ उशिरा, त्याला साहित्य म्हटले गेले. तेव्हा लेखनात जे आहे ते ओळखणारा वाचकही घडवावा लागतो आणि तो वर्गात घडतो, सभेत घडतो, अशा नियतकालिकांच्या पानांवर घडतो.

म्हणून शिक्षक मित्रमैत्रिणींना माझे सांगणे आहे की प्रश्नपत्रिका बदलण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. 'बलुतं'मध्ये दोन नावे का आहेत, 'जिणं आमुचं'मधला 'आम्ही' कोण आहे आणि त्यातून कोण वगळले गेले, 'उपरा' हा शब्द पुस्तकभर कसा अर्थ बदलतो, असे प्रश्न विचारायला हवेत. समस्या समाजशास्त्राच्या तासालाही शिकवता येतात. मराठीच्या तासाला आत्मकथन वाचायचे तर ते मर्ढेकरांइतक्याच बारकाईने वाचले पाहिजे, आणि तितक्याच कठोरपणे. घडण फसली असेल तिथे फसली म्हणावे. दुःख खरे असूनही पुस्तक कच्चे असू शकते, हे म्हणण्याची हिंमत आपल्या समीक्षेत आली तरच पक्क्या पुस्तकाचे मोल तिला सांगता येईल.

आणि कार्यकर्त्यांना एवढेच, की अर्ज नीट लिहायला शिकवणे सोडू नका. विषय, दिनांक, कलम, पोच; एकही गोष्ट राहता कामा नये. त्या विद्यार्थिनीचा अर्ज पाच रहिवाशांच्या सह्यांनिशी गेला. तिचा दुसरा मजकूर वर्गाच्या हस्तलिखितात आहे आणि पुढच्या वर्षाची मुले तो वाचतात. नळाला पाणी आले तरी तो मजकूर वाचला जाईल, कारण त्यात पाणी मागितलेलेच नाही.